कुटीमार्गावरील सायकलभ्रमण

कुटीमार्गावरील सायकलभ्रमण : डोंगराळ प्रदेशात एका आश्रयकुटीपासून दुसऱ्या आश्रयकुटीपर्यंत मजल दरमजल करीत, खडबडीत वाटांसाठी बनविलेल्या सायकलीवरून केलेला अनेक दिवसांचा प्रवास. हा प्रवास बहुधा चार ते आठ मित्रांचा गट मिळून करतो. तंबू, अंथरूण-पांघरूण व पुष्कळसा शिधा बरोबर वाहून न्यावा लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. कारण या वस्तू मुक्कामाच्या कुटीत उपलब्ध असतात. सायकलस्वाराच्या पाठीवर पाणी, पावसाळी कपडे, दुरुस्तीची हत्यारे आणि दिवसभराचे खाणे एवढेच ओझे असते. क्रीडाप्रकार म्हणून हा प्रवास विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रूढ झाला. तथापि त्यात एकत्र आलेल्या दोन गोष्टींचे—पर्वतातील कुट्यांची साखळी व रस्ता सोडून धावणारी सायकल यांचे—इतिहास वेगवेगळे असून पहिलीचा इतिहास दुसरीपेक्षा बराच जुना आहे. पायी चालणाऱ्यांनी स्वतःसाठी उभारलेल्या या व्यवस्थेत सायकल उशिरा आली. तिला तेथे कितपत वाव द्यावा, हा वाद अद्याप मिटलेला नाही आणि आजचे कुटीमार्ग कोठून जातात हे बऱ्याच अंशी त्या वादानेच ठरविले आहे.

आश्रयकुट्यांची परंपरा : आल्प्स पर्वतातील खिंडी ओलांडणाऱ्या यात्रेकरूंसाठी व व्यापाऱ्यांसाठी मठवासी साधूंनी धर्मशाळा चालविल्या. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत सु. २,४७० मी. उंचीवर असलेली धर्मशाळा अकराव्या शतकातील आहे. केवळ शिखरे व हिमनद्या पाहावयास येणाऱ्यांसाठी निवारा बांधण्याची कल्पना मात्र अठराव्या शतकाच्या अखेरची. शामोनीजवळ माँतेनव्हेर येथे एका इंग्रज गृहस्थाच्या खर्चाने १७७९ मध्ये एक लहानशी झोपडी उभी राहिली. माँ ब्लां शिखराच्या वाटेवर ग्रां म्यूले या खडकांवर १८५३ मध्ये कुटी बांधण्यात आली. यानंतर गिर्यारोहण मंडळांचा काळ सुरू झाला. ऑस्ट्रियन मंडळ १८६२ मध्ये, स्विस व इटालियन मंडळे १८६३ मध्ये, तर जर्मन मंडळ १८६९ मध्ये स्थापन झाले. स्विस मंडळाने स्थापनेच्या वर्षीच टोडी पर्वतावर ग्रूनहॉर्न ही आपली पहिली कुटी बांधली. जर्मन व ऑस्ट्रियन मंडळे १८७३ मध्ये एकत्र आली. या संयुक्त मंडळाच्या शहरोशहरीच्या शाखांनी पूर्व आल्प्समध्ये कुट्यांचे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटांचे दाट जाळे विणले. एका कुटीपासून दुसरी कुटी सामान्य चालणाऱ्यास एका दिवसात गाठता यावी, असे अंतर त्यामुळे आपोआप प्रमाण ठरले. शंभर वर्षांनंतर सायकलस्वारांना हे अंतर फार थोडे वाटू लागले. एका दिवसात दोन-तीन कुट्या ओलांडणे त्यांना सहज शक्य होते.

या कुट्या सर्वांना सदैव खुल्या होत्या, असे मात्र समजू नये. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेला, तेव्हा तेथील जर्मन-ऑस्ट्रियन मंडळाच्या कुट्या काढून घेण्यात आल्या व त्यांतील बऱ्याच इटालियन मंडळाच्या हाती आल्या. त्याच सुमारास जर्मन-ऑस्ट्रियन मंडळाच्या अनेक शाखांनी ज्यू सभासदांना दारे बंद केली आणि ज्यू सभासदांचा भरणा असलेली व्हिएन्नाची डोनाउलांट ही शाखा १९२४ मध्ये मंडळातून काढून टाकण्यात आली. पर्वतात निवारा कोणी कोणास द्यावयाचा हा प्रश्न सायकलीच्या पुष्कळ आधीचा आहे. सायकलीवरील वाद त्यामानाने सौम्यच म्हटला पाहिजे.

रस्ता सोडून सायकल : सायकल जन्मली तेव्हा चांगले रस्ते जवळपास नव्हतेच, त्यामुळे आडवाटेची सायकल ही आधुनिक कल्पना आहे, असे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही. या संदर्भात अमेरिकेच्या २५ व्या पायदळ पलटणीचा प्रयोग उल्लेखनीय आहे. मॉंटॅना राज्यातील फोर्ट मिझूला येथे लेफ्टनंट जेम्स मॉस याने १८९६ मध्ये या पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांचे सायकलपथक तयार केले. त्याच वर्षी पथकाने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत फेरी केली. पुढील वर्षी वीस सैनिक मॉस व एक शल्यविशारद यांच्यासह मिझूलाहून निघाले आणि सु. ३,०६० किमी. अंतर ४१ दिवसांत तोडून २४ जुलै १८९७ रोजी सेंट लूइस येथे पोहोचले. रॉकी पर्वताचा जलविभाजक ओलांडताना त्यांना बर्फ लागला. मैदानात चिकट चिखलाने चाके बसली, तेव्हा लोहमार्गाच्या स्लीपरांवरून त्यांनी सायकली ढकलल्या. नेब्रॅस्कातील वाळवंटी टेकड्यांत खराब पाण्याने अनेक जण आजारी पडले. प्रत्येकाजवळ दोन दिवसांचा शिधा असे व पुढचा शिधा सु. १६० किमी. अंतरावरील ठाण्यांवर आधीच पाठवून ठेवलेला असे. सायकलस्वाराने हलके राहावे व त्याचे ओझे वाटेवर त्याच्या आधी पोहोचलेले असावे, हे कुटीमार्गाचे मूलतत्त्व येथे पूर्णपणे दिसते. उणीव होती ती छपराची. स्पेनबरोबरच्या १८९८ च्या युद्धामुळे हा प्रयोग तेथेच थांबला.

ब्रिटनमध्ये हौशी सायकलस्वारांनी ही वाट वेगळ्या वृत्तीने चोखाळली. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम्. रॉबिन्सन याने १९१९ च्या मार्च महिन्यात वेल्समधील बर्विन डोंगररांग बर्फातून ओलांडली व त्या प्रवासाचा वृत्तांत सायकलींविषयीच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध केला. गवळवाटांवरून सायकल न्यावी, चालवता येईल तेथे चालवावी, नाही तेथे खांद्यावर घ्यावी, हा त्याचा परिपाठ पुढे अनेकांनी उचलला. त्यांना स्वस्त मुक्कामाची सोय युवक वसतिगृहांनी करून दिली. रिखार्ट शिर्मान या जर्मन शिक्षकाच्या कल्पनेतून १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायम वसतिगृह सुरू झाले होते. इंग्लंड-वेल्समध्ये ही चळवळ १९३० मध्ये पोहोचली. लेमिन्स्टर येथे १९५५ मध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही आडवाटेच्या सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी १९५८ मध्ये आइसलँडचा निर्जन अंतर्भाग सायकलीने पार केला. त्यांच्या सायकली साध्या प्रवासी सायकलीच होत्या. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने इंग्लंड-वेल्समधील घोडवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क मान्य झाला. पायवाटांवरून तो मिळाला नाही. हक्क कायद्याने आधी निश्चित झाल्यामुळे पुढे माउंटन बाइक आली, तेव्हा ब्रिटनमध्ये वाद झाला तरी त्याला एक चौकट होती. अमेरिकेत तशी चौकट नव्हती.

माउंटन बाइकचा उदय : कॅलिफोर्नियात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात काही तरुण १९७० नंतर जुन्या, जाड टायरांच्या, एकाच गिअरच्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळू लागले. फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी शर्यत घेतली. मागच्या चाकातील ब्रेक तापून आतील वंगण जळून जाई व ते प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या उतारास ‘रीपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवीन सांगाडा तयार केला. गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनविलेल्या सांगाड्यांवर १९७९ मध्ये ‘माउंटनबाइक्स’ या नावाने व्यवसाय सुरू केला आणि तेच नाव पुढे या वाहनाचे सामान्यनाम झाले. स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली माउंटन बाइक १९८१ मध्ये बाजारात आली.

कॅलिफोर्नियातील या मंडळींचे लक्ष उतारावर होते. अनेक दिवसांच्या प्रवासाचा धागा कोलोरॅडोतून आला. क्रेस्टेड ब्यूट या जुन्या खाणगावातील काही जण १९७६ च्या सप्टेंबरात आपल्या जुनाट सायकली घेऊन ३,८७२ मी. उंचीच्या पर्ल खिंडीतून ॲस्पेनला गेले. शेजारच्या ॲस्पेनहून मोटरसायकलींवर आलेल्या तरुणांचा तोरा उतरविणे, एवढाच त्यामागील हेतू सांगितला जातो. वाटेत एक रात्र त्यांनी उघड्यावर काढली आणि चढाचा बराच भाग सायकली ढकलत पार केला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाचे पाच जण गिअर असलेल्या आपल्या नव्या सायकलींसह या प्रवासात सामील झाले. दोन्ही प्रवाह येथे प्रथम एकत्र आले. चढ चढू शकणारी सायकल आणि मुक्कामाची सफर या दोन्हींची गाठ याच खिंडीत पडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

सॅन वान कुटीमार्ग : कोलोरॅडोत कुट्या आधी बर्फावरील भ्रमणासाठी बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात कँप हेल येथे शिक्षण घेतलेल्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधील एक सैनिक फ्रिट्झ बेनेडिक्ट पुढे ॲस्पेनमध्ये वास्तुशिल्पज्ञ झाला. त्याच्या पुढाकाराने १९८० मध्ये या डिव्हिजनच्या नावाने कुटीसंस्था निघाली व १९८२ मध्ये तिच्या पहिल्या दोन कुट्या पूर्ण झाल्या. या दोन कुट्या माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ उभारल्या गेल्या. इटलीतील लढाईत आल्प्सच्या परिसराशी आलेला या सैनिकांचा परिचय या कल्पनेमागे होता.

सायकलीसाठीच योजलेली साखळी मात्र राज्याच्या नैर्ऋत्येस सॅन वान पर्वतात तयार झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा मार्ग कोलोरॅडोतील टेल्यूराइडपासून यूटा राज्यातील मोॲबपर्यंत जातो. त्याची लांबी सु. ३४५ किमी. असून वाटेत सहा कुट्या आहेत; प्रवास सात दिवस व सहा रात्रींचा असतो. टेल्यूराइड सु. २,६७० मी. उंचीवर आहे. तेथून पहिल्याच दिवशी तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर चढावे लागते. पुढे अंकम्पाग्रे पठारावरील देवदार व ॲस्पेन वृक्षांच्या वनांतून दोन-तीन दिवस गेल्यावर वाट हजार मीटरांहून अधिक खाली उतरून डोलोरस नदीच्या तांबड्या दरीतील गेटवे या वस्तीपाशी येते. तेथील उन्हाळा कडक असतो. मग ला साल पर्वतावर पुन्हा चढ आणि अखेरीस १,२२७ मी. उंचीवरील मोॲबच्या वालुकाश्मी प्रदेशात उतार. वर थंडी व खाली वाळवंट यांचा मेळ घालावा लागत असल्याने प्रवासाचा हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतच असतो.

येथील कुट्या आल्प्समधील कुट्यांहून अगदी वेगळ्या आहेत. आल्प्समध्ये कुटीपाल असतो, तो रात्री गरम जेवण वाढतो व सकाळी हवामान सांगतो. सॅन वानच्या कुट्यांत कोणीही नसते. प्लायवुडची एकच खोली, आठ बिछाने, लाकडावरची शेगडी, स्वयंपाकाला गॅस, डबाबंद अन्नाची मांडणी आणि पिंपांतून भरून ठेवलेले पाणी, असा त्यांचा थाट असतो. पाणी व शिधा वाहनाने आणून ठेवतात. त्यामुळे कुटी गाडीवाटेच्या आवाक्यातच असावी लागते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

आठ बिछान्यांनी गटाचा आकार ठरतो आणि गटाची रीतही. प्रत्येक गट रोज एक मजल पुढे सरकतो; आदल्या दिवशीचा गट पुढच्या कुटीत आणि दुसऱ्या दिवशीचा गट मागच्या कुटीत असतो. रहाटाच्या माळेतील एखादे गाडगे जागीच थांबू शकत नाही, त्याप्रमाणे कोणत्याही गटाला विश्रांतीसाठी एक दिवस जादा राहता येत नाही. सरासरी सु. ५० किमी.ची मजल अशक्त सोबत्यालाही त्याच दिवशी पुरी करावी लागते. गटाचा वेग म्हणूनच सर्वांत सावकाश जाणाऱ्याचा वेग असतो. तुटलेली साखळी, फाटलेला टायर किंवा मुरगळलेला पाय हा एकाचा प्रश्न राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह वळीव येतात. तेव्हा पठारावरील मातीचा असा चिखल होतो की, चाक फिरेनासे होते व सायकल उचलून न्यावी लागते. जाणती मंडळी यामुळे पहाटेच निघतात.

या मार्गाच्या वाटा कोणी पाडल्या, हे पाहण्याजोगे आहे. अंकम्पाग्रे पठार व त्याभोवतीचा प्रदेश यूट जमातीचा होता. १८७० नंतर सॅन वान पर्वतात सोन्याचांदीच्या खाणी निघाल्या आणि १८८१ मध्ये अंकम्पाग्रे यूट लोकांना सक्तीने यूटामध्ये हलविण्यात आले. त्यांच्या मागे खाणवाले, मेंढपाळ व गुराखी यांनी गाडीवाटा पाडल्या. पश्चिमेकडील वाटा विसाव्या शतकातील युरेनियम शोधकांच्या आहेत. मोॲबजवळ १९५२ मध्ये युरेनियमचा मोठा साठा सापडल्यावर जीपगाड्यांचे माग कडेकपारीपर्यंत पोहोचले. त्या गावातील युरेनियम-गिरणी १९८४ मध्ये बंद पडली आणि ओस पडू लागलेल्या गावास नंतरच्या काळात सायकलस्वारांनी नवा उद्योग दिला. आज निसर्गाच्या सान्निध्यातील म्हणून जो प्रवास वाखाणला जातो, त्याची वाट अशा रीतीने विस्थापनाच्या आणि खनिजलोभाच्या खुणांवरूनच जाते.

वाटेचा हक्क : कुटीमार्गाने जुन्या गाडीवाटा का धरल्या, याचे दुसरे कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने निवडक प्रदेशांत ‘यांत्रिक वाहतुकी’स बंदी केली. त्या वेळी डोंगरात सायकल येईल, असे कोणाच्या मनात नव्हते. वनसेवेने १९६६ मध्ये केलेल्या नियमात ज्या वाहनास चालना देणारी शक्ती निर्जीव आहे, त्यालाच यांत्रिक मानले होते. सायकल त्यात बसत नव्हती. परंतु माउंटन बाइकचा प्रसार झाल्यावर १९८४ मध्ये वनसेवेने सायकलींना नावानिशी बंदी केली. टेल्यूराइडजवळील माउंट स्नेफल्स वन्यप्रदेश १९८० पासून या कायद्याखाली असल्याने सायकलींचा मार्ग त्याला वळसा घालून जातो. घोड्याला मात्र या प्रदेशात मज्जाव नाही, हा सायकलस्वारांचा जुना आक्षेप आहे.

चाकांमुळे वाटांची झीज होते, हे बंदीचे नेहमी दिले जाणारे कारण. १९९४ मध्ये मॉंटॅनातील वाटांवर केलेल्या एका प्रयोगात घोड्यांच्या टापांनी व माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केल्याचे दिसून आले. असे असूनही वाद शमला नाही, यावरून त्याचे मूळ मातीत नसावे, असे वाटते. अरुंद वाटेवर मागून वेगाने येणारी सायकल चालणाऱ्याची शांतता मोडते. तास-दोन तासांच्या चालीने मिळणारा एकांत तिच्यामुळे काही मिनिटांवर येतो. ही तक्रार मोजमापाने खोडता येत नाही. तशीच, स्वतःच्या पायांच्या बळावर आलेल्या माणसाला मोटारवाल्यांच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे आहे, ही सायकलस्वाराची तक्रारही खोडता येत नाही. सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ पासून वाटा बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे श्रमदान सुरू केले. त्यामुळे वन्यप्रदेशाबाहेर बऱ्याच ठिकाणी समेट झाला.

आल्प्समध्ये प्रश्न उलट्या बाजूने आला. तेथे कुट्या होत्या, पण सायकलीला वाट नव्हती. आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर १९३८ मध्ये प्रथम चढलेल्या तुकडीतील आंडर्ल हेक्माइर याचा मुलगा आंड्रेआस याने १९९० च्या सुमारास बव्हेरियातील ओबरस्टडोर्फहून इटलीतील गार्डा सरोवराकाठच्या रीव्हापर्यंत सायकलीचा मार्ग शोधला. खिंडींतील कडेलोटाच्या वाटांवर सायकल खांद्यावर घ्यावी लागे. हा मार्ग पुढे इतका लोकप्रिय झाला की, १९९८ पासून आल्प्स ओलांडण्याची सांघिक शर्यत भरू लागली. योगायोग असा की, कोलोरॅडोतील कुट्यांना जिचे नाव मिळाले, त्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनची १९४५ मधील अखेरची लढाई याच सरोवराच्या काठी झाली होती. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने विरंगुळ्यासाठी वनात पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला. पण वाहनासाठी, म्हणजे सायकलीसाठीही, मालकाची संमती आवश्यक ठेवली. जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने १९९५ मध्ये दोन मीटरांहून अरुंद वनवाटांवर सायकलीस मनाई केली. अलीकडे विजेरीवर चालणाऱ्या सायकलींनी वृद्धांनाही उंच कुट्यांपर्यंत आणले आहे. त्यामुळे सौरशक्तीवर दिवे लावणाऱ्या कुटीत सायकलीची विजेरी भरू द्यावी की नाही, हा नवीनच प्रश्न निघाला आहे.

न्यूझीलंडने काळाची वाटणी करून पाहिली. तेथील सु. ७८ किमी. लांबीची हीफी वाट १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली, तेव्हा सायकली बंद झाल्या. २०११ पासून त्या हिवाळी काळापुरत्या पुन्हा सुरू झाल्या. उन्हाळ्याची गर्दी पायी चालणाऱ्यांची. २०१५ मध्ये खुली झालेली ८५ किमी.ची ‘ओल्ड घोस्ट रोड’ ही वाट एकोणिसाव्या शतकातील सोनेखाणवाल्यांच्या, परस्परांना कधीच न मिळालेल्या दोन रस्त्यांना जोडून बनविली आहे. पाइक रिव्हर कोळसाखाणीत २०१० मध्ये मृत्यू पावलेल्या २९ कामगारांचे स्मारक म्हणून आखलेली पापारोआ वाट २०२० मध्ये पूर्णपणे खुली झाली. या दोन्ही वाटा व त्यांवरील कुट्या चालणारे व सायकलस्वार या दोघांसाठी प्रारंभापासून योजल्या आहेत.

भारत : हिमालयात ब्रिटिश अमदानीत वनखात्याने व बांधकाम खात्याने साधारण एका मजलीच्या अंतरावर विश्रामगृहे बांधली. ती अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी असल्याने प्रवाशांची साखळी म्हणून त्यांचा उपयोग मर्यादितच झाला. मनाली-लेह मार्गावर सर्चू, पांग अशा ठिकाणी उन्हाळ्यात उभे राहणारे तंबूंचे ढाबे हेच सायकलस्वारांच्या दृष्टीने कुट्यांचे काम करतात; जेवण, रजई व शेजारी पहुडलेला मालमोटारीचा चालक, हे सर्व तेथे मिळते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने तळ ते तळ अशा पदभ्रमण मोहिमांची पद्धत रुळविली व त्यांत महाराष्ट्रातील तरुणांचा भरणा नेहमीच मोठा राहिला आहे. हिमाचल प्रदेशातील जलोरी खिंडीच्या परिसरात संस्थेने सायकलमोहिमाही काढल्या आहेत. सह्याद्रीत आश्रयकुट्यांची साखळी निर्माण झाली नाही. घाटवाटा बहुतेक खोदीव पायऱ्यांच्या किंवा घसाऱ्याच्या असून सायकल तेथे चढण्यापेक्षा वाहावीच लागते. भटक्यांचा मुक्काम गडावरील लेण्यात, गावच्या देवळात किंवा शाळेच्या पडवीत पडतो, आणि शिधा सोबत नसला तरी पिठले-भाकरी गावातल्या एखाद्या घरातून मिळते.